९२ ग्रॅमचा स्कार्फ : किड-सिल्क आणि लेस एकत्र धरून विणताना

माझी आई ८४ वर्षांची आहे. मानेच्या मणक्यांचं दुखणं जुनं आहे, आणि गेल्या चार-पाच वर्षांत डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे तिला समोरचं, मधलं दिसत नाही. कडेकडेचं तेवढं दिसतं. तरी डिसेंबरात सकाळी सातला ती गॅलरीत येऊन बसतेच. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पहाटे ९-१० अंश, निफाडकडे त्याहून कमी, आणि दुपारी एकला पंखा लावावासा वाटेल असं ऊन. तिच्या गळ्यात काहीतरी हवंच. घरात एक मफलर होता, मीच पंधरा वर्षांपूर्वी दुहेरी विणीत विणलेला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर २१० ग्रॅम भरला. आई तो अर्ध्या तासात काढून मांडीवर ठेवायची. "मानेवर कुणी हात ठेवून बसलंय असं वाटतं गं," म्हणायची.

मला तिच्यासाठी असा स्कार्फ विणायचा होता की जो गळ्यात आहे हे तिला उबेवरूनच कळावं, भारावरून नाही. आणि वीण सपाट नको होती. मला विणायला तिनेच शिकवलं. आता तिला वीण दिसत नाही, पण बोटांनी ती सगळं वाचते. उठावाची वीण असेल तर तो स्कार्फ तिच्यासाठी नुसतं गरम कापड राहणार नाही.

आधी निकाल सांगते. ड्रॉप्स या नॉर्वेच्या कंपनीचं 'किड-सिल्क' आणि त्यांचंच 'लेस' हे दोन धागे एकत्र धरून, ५ मिलिमीटरच्या सुईवर विणलेला स्कार्फ ९२ ग्रॅमचा झाला. धुऊन ताणल्यावर ३० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब. दोन महिने रोज वापरात आहे. माझ्या चाळीस वर्षांच्या विणकामात इतक्या कमी लोकरीत इतकी ऊब मी पाहिली नव्हती. विणताना मात्र हे धागे लक्ष मागतात, आणि ते कुठे मागतात हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

लोकर कोपनहेगनहून आली. लेक तिथे असते, मी मागच्या शरद ऋतूत तिच्याकडे अडीच महिने होते. तिथल्या बसमध्ये, लायब्ररीत, अगदी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही बायका-मुली विणत बसलेल्या दिसायच्या, आणि बहुतेकींच्या मांडीवरच्या पिशवीतून एक नाही, दोन धागे निघून सुईपर्यंत जायचे. एक गुळगुळीत, एक लवदार. मी लेकीला म्हटलं, मला लोकरीच्या दुकानात घेऊन चल. दुकानातल्या बाईंनी दोन्ही धागे माझ्या हातात एकत्र दिले आणि सांगितलं, गालाला लावून बघा. मग स्वतः चार ओळी विणून दाखवल्या. धागा डाव्या हाताच्या बोटावर, सुईने तो नुसता उचलायचा. आपण उजव्या हाताने धागा सुईभोवती टाकतो, तसं त्या करत नव्हत्या. किड-सिल्कच्या दोन गुंड्या आणि लेसची एक, मिळून आपल्या रुपयांत दोन हजारांच्या आत पैसे झाले. नाशकात रविवार कारंज्याला मिळणाऱ्या लोकरीच्या मानाने हे महाग आहे, पण एवढ्यात एक पूर्ण स्कार्फ होतो, हे लक्षात घ्या.

आता धाग्यांविषयी. किड-सिल्कमध्ये ७५ टक्के मोहेअर आणि २५ टक्के रेशीम असतं. २५ ग्रॅमच्या गुंडीत साधारण २१० मीटर धागा. मोहेअर म्हणजे अंगोरा शेळीचे केस. आपल्याकडे अंगोरा म्हटलं की ससा आठवतो, कारण कुलूच्या अंगोरा शाली सशाच्या लोकरीच्या असतात. ही शेळी वेगळी. अंकारा शहराच्या जुन्या नावावरून तिचं नाव पडलं, आणि आज जगात सगळ्यात जास्त मोहेअर दक्षिण आफ्रिकेतून येतं. 'किड' म्हणजे करडू. कोवळ्या करडांचे पहिले केस सगळ्यात बारीक असतात, म्हणून ते गळ्याला चालतात. मोठ्या शेळीचे केस जाड होत जातात आणि टोचतात. धाग्याच्या मध्ये रेशमाचा बारीक तंतू आणि त्याच्याभोवती मोहेअरची फुललेली लव अशी रचना आहे. उजेडासमोर धरलं की हा गाभा स्पष्ट दिसतो, जणू शेवग्याच्या शेंगेतला दोर.

लेसमध्ये ७० टक्के अल्पाका आणि ३० टक्के रेशीम. ५० ग्रॅमला ४०० मीटर. गुळगुळीत, किंचित चमकणारा, आणि हातात घेतला की थंड लागणारा. अल्पाकाच्या केसांत मेंढीच्या लोकरीसारखा तेलकटपणा जवळजवळ नसतो, आणि मेंढीच्या लोकरीची जी स्प्रिंग असते ती त्यात कमी असते. म्हणून अल्पाका छान सुळसुळीत पडतो, पण एकट्याने विणला तर हळूहळू लोंबत जातो. मी आधी फक्त लेसचा छोटा नमुना ४ मिलिमीटरवर विणून पाहिला. सुंदर होता, पण ओल्या पानासारखा मलूल. उलट किड-सिल्क एकटं विणलं तर धुक्यासारखं होतं, टाके दिसतच नाहीत, आणि उठावाची वीण त्या लवेत बुडून जाते.

दोन्ही एकत्र धरले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो. लेस टाक्याला कणा देतो, उलट-सुलट टाका बोटाला लागतो. मोहेअरची लव टाक्यांमधल्या जागेत पसरून ती भरून टाकते, म्हणून सुई मोठी घेता येते आणि वीण सैल असूनही आरपार वारा लागत नाही. ऊब धाग्याच्या जाडीपेक्षा धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेतून येते, आणि ही लव हवा धरून ठेवते. एवढ्या कमी वजनात एवढी ऊब कशी, याचं उत्तर हे आहे. ड्रॉप्सने आपल्या लोकरींचे जाडीप्रमाणे ए, बी, सी असे गट केले आहेत आणि 'ए'चे दोन धागे एकत्र धरले तर 'सी'चा एक होतो असा त्यांचा हिशेब आहे. हे दोन्ही धागे बारीकच. माझ्या नमुन्यात १० सेंटिमीटरला १८ टाके आले, म्हणजे जोडी 'सी'च्या जाडीची झाली.

मी आणखी दोन जोड्या करून पाहिल्या, त्याही सांगते, कारण प्रत्येकीला हीच लोकर मिळेल असं नाही. पहिली, किड-सिल्कबरोबर ड्रॉप्सचंच बेबी मेरिनो. ५० ग्रॅमला १७५ मीटर, म्हणजे लेसच्या दुपटीहून जड. टाके इतके सुबक येतात की पाहत राहावं. लेकीसाठी या जोडीचा स्कार्फ विणला, तो १५० ग्रॅमच्या पुढे गेला आणि कोपनहेगनच्या वाऱ्यात तिला तो फार आवडतो. आईच्या मानेला मात्र चालला नसता. दुसरी जोडी, किड-सिल्कबरोबर इथल्याच दुकानातली बाळाच्या कपड्यांसाठीची बारीक ॲक्रिलिक लोकर; कंपनीचं नाव सांगत नाही. ती जोडी मला पटली नाही. नाशिकच्या कोरड्या हवेत ॲक्रिलिकला वीज धरते आणि मोहेअरची लव फुलण्याऐवजी चिकटून बसते. शिवाय त्या गुंडीत तीन ठिकाणी गाठी निघाल्या. इथलंच काही वापरायचं असेल तर बारीक शुद्ध मेरिनो किंवा दोन-पदरी रेशीम शोधा. मोहेअरसारख्या धाग्याला जोडीदार नैसर्गिक हवा, असं माझं मत झालं आहे.

रंगाबद्दल थोडं. लेस मी गडद जांभळा घेतला आणि मोहेअर फिका राखाडी. एकत्र विणल्यावर अर्धवट पिकलेल्या जांभळावर जी पांढुरकी साय असते, तसा रंग आला. त्याच जांभळ्याबरोबर पांढरं मोहेअर धरून पाहिलं, तर खडू उगाळल्यासारखं वाटलं. मोहेअरचा रंग वर पसरतो, त्यामुळे शेवटचा रंग तो ठरवतो आणि दुसरा धागा आतून झिरपतो. दुकानात गुंड्या शेजारी ठेवून हे कळत नाही. दोन्ही धागे बोटाभोवती आठ-दहा वेळा गुंडाळून बघा, मगच घ्या.

सुईचं सांगते. आमच्या पिढीच्या हातात आठ नंबर, दहा नंबर बसलेले असतात, आणि नंबर वाढला की सुई बारीक होते हे डोक्यात पक्कं असतं. त्या हिशेबाने ५ मिलिमीटर म्हणजे सहा नंबर. आईच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या सहा नंबरच्या सुया माझ्याकडे आहेत, सुरुवात मी त्यांवरच केली. पण ३५ सेंटिमीटरच्या सरळ सुईवर विणकामाचा सगळा भार मनगटावर येतो. मग निटप्रोच्या ५ मिलिमीटरच्या गोल सुईवर टाके घेतले. ही कंपनी भारतीय आहे, आणि त्यांच्या सुया जगभर जातात. कोपनहेगनच्या त्या दुकानातही भिंतीवर त्याच टांगलेल्या होत्या. गोल सुईवर गोल विणायलाच हवं असं नाही, सरळ मागे-पुढे विणता येतं आणि स्कार्फ मांडीवर पडून राहतो. माझी धातूच्या टोकाची आहे. मोहेअर लाकडी सुईवर थोडं अडतं, धातूवर सरकतं, आणि टोक अणकुचीदार असल्यामुळे दोन्ही धागे एकदम पकडता येतात. ८० सेंटिमीटरची वायर पुरते.

वीण मी अशी घेतली. ४९ टाके, विषम संख्या हवी. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी ओळ एक सुलट, एक उलट, शेवटचा टाका सुलट. बस, एवढ्या दोनच ओळी पुन्हा पुन्हा. काठ गुंडाळत नाही, म्हणून वेगळी किनार लागत नाही. समोरच्या बाजूला एक गुळगुळीत उभी रांग आणि तिच्या शेजारी दाण्यांची रांग, अशी बरगडी दिसते. मागच्या बाजूला दाणे जास्त. आईकडे याच्या जवळच्या विणीला साबुदाण्याची वीण म्हणायचे, पण त्यात दोन्ही ओळी एक सुलट एक उलट असतात आणि दाणा सगळीकडे सारखा पसरतो. मी ती करून पाहिली होती. मोहेअरमध्ये ते दाणे एकमेकांत मिसळले. मधली गुळगुळीत रांग असली की बोटाला दोन दाण्यांमधला फरक कळतो. जाळीची वीणही या धाग्यांत छान दिसते, पण आईच्या चष्म्याची दोरी जाळीत अडकली असती.

आता विणताना काय होतं ते.

पहिली अडचण दोन धाग्यांच्या वेगाची. लेस सुळकन येतो, मोहेअर थोडं थांबून येतं. दोन्ही गुंड्या एकाच पिशवीत ठेवल्या तर वीस ओळींत एकमेकांत गुंततात आणि कामाच्या मागे एका धाग्याची सैल वेटोळी लोंबू लागते. मी दोन पितळी तांबे घेतले, एकात एक गुंडी, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही धागे उजव्या तर्जनीवरून एकत्रच घेतले, दोन बोटांवर वेगळे घेतले नाहीत; वेगळे घेतले की एक ढिला पडतो. आणि ओळ संपल्यावर काम एकदा डावीकडे वळवायचं, एकदा उजवीकडे. प्रत्येक वेळी एकाच दिशेने फिरवलं तर धाग्यांना पीळ पडत जातो. दोन गुंड्या एकत्र गुंडाळून एकच मोठी गुंडी करावी असंही काहीजणी सांगतात. मी ते केलं नाही, कारण उसवायची वेळ आली असती तर दोन धागे वेगळे करणं अशक्य झालं असतं.

उसवणं. ज्यांनी कधी मोहेअर उसवलं नाही त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. शेजारशेजारच्या टाक्यांची लव एकमेकींना धरून बसते. साधी लोकर ओढली की टाके सरसर सुटतात, तसे इथे सुटत नाहीत. जोराने ओढलं तर रेशमाचा गाभा तसाच राहतो आणि लव चोळामोळा होऊन एका जागी जमा होते. १३० व्या ओळीच्या आसपास माझं असं झालं. संध्याकाळी दिवे गेले होते, इन्व्हर्टरच्या मंद उजेडात विणत होते, आणि एका टाक्यात सुई दोन धाग्यांच्या मधून गेली. एका टाक्याचे दोन झाले. सकाळी मोजले तर ४९ ऐवजी ५०, आणि बरगडी सरकलेली. सहा ओळी उसवायच्या होत्या. सगळं काम प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलं. विणणाऱ्या बायकांमध्ये हा उपाय सांगितला जातो, आणि माझ्या बाबतीत लव खरंच थोडी मोकळी झाली. तरी एकेक टाका, बोटाने लव सोडवत, पाऊण तास लागला.

त्यानंतर मी दर ४० ओळींनी शिवणाचा पांढरा दोरा मोठ्या सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून घालू लागले. चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवता येतं, दोऱ्यावर टाके थांबतात. नंतर दोरा नुसता ओढून काढायचा. सुती दोरा घ्या, गुळगुळीत. आणि प्रत्येक दहा ओळींनी टाके मोजा. संध्याकाळनंतर गडद रंग विणायचा असेल तर मांडीवर पांढरा पंचा पसरून बसा, टाके त्यावर उठून दिसतात.

दुसरी काळजी लोकर पुरेल की नाही ही. लेसची एकच गुंडी होती आणि नाशकात तो रंग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून काट्यावर हिशेब ठेवला. ८० ओळींना लेस ९ ग्रॅम लागला. म्हणजे ५० ग्रॅममध्ये चारशे चाळीसपर्यंत ओळी निघाल्या असत्या. ४१६ ओळींवर थांबले, तेव्हा लेस ३ ग्रॅम उरला होता आणि मोहेअर ५ ग्रॅम. मीटरपेक्षा ग्रॅमवर विश्वास ठेवा, घरात पोहे मोजायचा काटा असतो तोच पुरतो.

मोहेअरची दुसरी गुंडी जोडताना गाठ मारू नका. जुन्या धाग्याच्या शेवटच्या वीतभरात नवा धागा बरोबर घेऊन आठ-दहा टाके तीन धाग्यांनी विणा. मोहेअर मोहेअरला धरून ठेवतं. सुटलेली टोकं नंतर कापली तर कुठे जोडलंय हे मलाही सापडत नाही. लेससाठी हे चालणार नाही, तो निसरडा आहे. त्याची टोकं सुईने टाक्यांतून फिरवून घ्यावी लागतात.

टाके बंद करताना एक नंबर मोठी सुई घ्या, साडेपाच मिलिमीटरची. ५ वरच बंद केले तर तो काठ आखडतो आणि धुतल्यावर सगळा स्कार्फ रुंद होतो, एक टोक मात्र चिमटलेलं राहतं.

सुईवरून उतरला तेव्हा स्कार्फ २७ सेंटिमीटर रुंद आणि १६० सेंटिमीटर लांब होता. आणि, खरं सांगते, थोडा खडबडीत दिसत होता. हे धागे धुतल्याशिवाय आपलं रूप दाखवत नाहीत. कोमट पाण्यात दोन थेंब शाम्पू, वीस मिनिटं नुसता भिजत ठेवला, चोळला नाही. पाणी काढताना दोन्ही तळव्यांवर उचलून घेतला, कारण ओला अल्पाका स्वतःच्या वजनाने ताणत जातो. मग जाड टॉवेलमध्ये गुंडाळी करून त्यावर हलकं दाबलं. नातवाची फोमची जोडायची चटई असते ना, अंकांची, त्यावर पसरून टाचण्या लावल्या. इथे जपून ओढायचं. जास्त ओढलं तर दाणे सपाट होतात आणि ज्यासाठी एवढं केलं तो उठाव जातो. मी ३० बाय १८० वर थांबले. डिसेंबरच्या कोरड्या हवेत पंख्याखाली पाच तासांत वाळला. वाळल्यावर हाताने दोनदा झटकला, आणि लव उभी राहिली.

दोन महिन्यांचा अनुभव असा. पहिल्या आठवड्यात थोडे केस सुटले, गडद ब्लाउजवर दिसायचे, नंतर थांबलं. बोळे जवळजवळ धरले नाहीत, फक्त मानेच्या मागे, जिथे केसांचा अंबाडा घासतो, तिथे लव थोडी चेपली आहे. लांबी आधी १८० होती, आता १८४. अल्पाकाचं हे होणारच, हँगरला टांगू नका, घडी घालून ठेवा. सकाळी सातला आई तो दोन वेढे घेते, नऊला एक वेढा सोडते, अकराला घडी करून स्वेटरच्या खिशात टाकते. खिशात मावतो हे तिला फार आवडलं आहे.

सगळ्यांना हा धागा चालेलच असं मी म्हणणार नाही. मोहेअर काहींच्या त्वचेला टोचतं. माझ्या वहिनीला किड मोहेअरही सहन झालं नाही, दहा मिनिटांत मान लाल झाली. म्हणून आधी हातभर नमुना विणा आणि तो तासभर ब्लाउजच्या गळ्यात, कातडीला लागेल असा, ठेवून बघा. दम्याचा त्रास असलेल्यांनीही लव नाकातोंडाशी येते हे ध्यानात घ्यावं. पहिल्यांदाच विणायला शिकणाऱ्या मुलीच्या हातात ही जोडी देऊ नये. तिने साध्या मेरिनोवर दोन स्कार्फ विणावेत, चुका उसवायला शिकावं, मग इकडे यावं. आणि रोज रिक्षाने, लोकलने फिरणाऱ्यांनी, ज्यांच्या पर्सची चेन, हेल्मेटचा पट्टा सतत गळ्याशी येतो, त्यांनी बेबी मेरिनोची जोडी घ्यावी. ती जड आहे पण दणकट आहे.

उन्हाळ्यात ठेवताना कसर ही खरी शत्रू. कसरीला मळकी लोकर जास्त आवडते, म्हणून न धुता ठेवू नका. मी फेब्रुवारीअखेर धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवणार आहे. आई त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायला सांगते. डांबराच्या गोळ्या मी घालणार नाही, मोहेअरला तो वास बसला की जात नाही.

ज्या दिवशी स्कार्फ वाळला त्या दुपारी मी काही न बोलता तो आईच्या मांडीवर ठेवला. तिने आधी दोन्ही हातांवर उचलून पाहिला. "संपूर्ण आहे का हा? का अर्धाच?" मी म्हटलं, संपूर्ण. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत काठ धरून ती हळूहळू पुढे जाऊ लागली, जसं ती तांदूळ निवडताना करायची. मी गप्प बसून होते. बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "एक रांग साधी, एक दाण्याची. जायची ओळ नुसती सुलट घेतलीस ना?" मी हो म्हटलं. "आणि धागे दोन आहेत. एक निसरडा, एक केसाळ."

टोकापर्यंत जाऊन ती परत मागे आली, साधारण मध्याच्या अलीकडे थांबली आणि तिथेच बोट फिरवत राहिली. मी उसवून पुन्हा विणलेल्या त्या सहा ओळींची ती जागा होती.

"इथे हात घट्ट झालाय तुझा," ती म्हणाली. "राहू दे. बांध गळ्यात."